दोन दाढांमधली लपलेली कीड आणि डिजिटल एक्स-रे

दाताला कीड लागली की काळा खड्डा दिसेल, असं बहुतेकांना वाटतं. पण कीड जिथे सर्वांत जास्त फसवते, ती जागा आरशात दिसत नाही आणि डॉक्टरांच्या टोकदार प्रोबलाही नीट लागत नाही. शेजारशेजारच्या दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, त्या बिंदूच्या अगदी खाली ही जागा असते. तिथे ब्रशचे केस पोचत नाहीत, लाळही मोकळी खेळत नाही आणि जिवाणूंचा चिकट थर तसाच बसून राहतो. वरून बघावं तर दाढ धडधाकट. दुखत नाही, ठणकत नाही, गार पाणीही झोंबत नाही. दुखायला लागते तेव्हा कीड बहुतेकदा नसेच्या जवळ गेलेली असते आणि गोष्ट रूट कॅनालवर येऊन ठेपते.

ही कीड वेळेत पकडायला डॉक्टर एक्स-रे काढतात. आता तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटतो आणि बटण दाबून उजळ, गडद, धारदार करता येतो. या सोयीमुळे सुरुवातीची कीड डोळ्यांना सापडणं सोपं होऊ शकतं हे खरं, आणि याच सोयीमुळे नसलेली कीड दिसू शकते हेही तितकंच खरं. दाढेवर ड्रिल चालवायचं की नाही हे अनेकदा या एका चित्रावर ठरतं, म्हणून चित्राचं काय केलं जातं ते रुग्णालाही कळायला हवं.

कीड आतून पोखरते

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. वजनाने ते सुमारे ९६ टक्के खनिज असतं. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातावरच्या थरातले जिवाणू त्यातली साखर पचवतात आणि आम्ल सोडतात. आम्लता वाढून पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की एनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतं. थोड्या वेळाने लाळ ती आम्लता कमी करते आणि काही खनिज परत दातात जातं. ही देवघेव दिवसभर चालू असते. देणं सतत घेण्यापेक्षा जास्त झालं की कीड सुरू होते.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. एनॅमलचा अगदी वरचा पातळ पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो, कारण लाळेतलं खनिज आणि फ्लोराइड तिथे पुन्हा पुन्हा बसत असतं. खनिज हरवतं ते त्याच्या खालच्या भागातून. म्हणजे वरून गुळगुळीत आणि आतून सच्छिद्र. प्रोब फिरवला तर तो सरळ घसरून जातो. (प्रोबचं टोक जोरात दाबून कीड शोधू नये, असं आता शिकवलं जातं ते याचसाठी. नाजूक झालेला पापुद्रा त्या टोकानेच फुटू शकतो.) हा पापुद्रा टिकून आहे तोवर कीड थांबवता येते, खनिज काही प्रमाणात परत भरून येतं. तो कोसळून खड्डा पडला की जिवाणूंना घर मिळतं, ब्रशचा उपयोग उरत नाही आणि दाढ भरून घ्यावी लागते.

म्हणजे शोधायची आहे ती खड्डा पडण्याआधीची अवस्था. आणि एक्स-रेची खरी अडचण नेमकी तिथेच आहे.

इतकं फिकं का दिसतं?

रॉन्टगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीत जर्मनीतल्या ओटो वालखोफ यांनी स्वतःच्याच दातांचा एक्स-रे काढला. त्यासाठी त्यांना २५ मिनिटं किरणांसमोर पडून राहावं लागलं. दोन दाढांमधली कीड शोधायला आजही जी पद्धत वापरतात ती, म्हणजे बाइटविंग, १९२५ मध्ये हॉवर्ड रेपर यांनी आणली. तोंडात ठेवलेल्या फिल्मला एक छोटी पट्टी असते, ती दातांत धरून तोंड मिटायचं. मग वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे एकाच चित्रात येतात. १९८७ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयाँ यांनी फिल्मऐवजी तोंडात ठेवायचा सेन्सर आणला, आणि डिजिटल दंत एक्स-रेची सुरुवात झाली.

किरण गालाच्या बाजूने शिरतात आणि जिभेच्या बाजूला ठेवलेल्या सेन्सरवर पोचतात. वाटेत जितकं खनिज जास्त, तितके किरण जास्त अडतात आणि तो भाग चित्रात पांढरा दिसतो. खनिज कमी झालेली जागा काळपट दिसते. आता दाढेची गालापासून जिभेपर्यंतची जाडी धरा सुमारे १० मिलिमीटर, आणि कोवळी कीड त्यातल्या एखाद-दोन मिलिमीटरमध्ये. किरण त्या सच्छिद्र भागातून जातात तसेच त्याच्या पुढच्या-मागच्या निरोगी भागातूनही जातात. सेन्सरवर जी छटा पडते ती या सगळ्याची बेरीज असते. किडीचा फरक त्या बेरजेत विरघळून जातो. म्हणूनच एखाद्या जागेतलं साधारण ३० ते ४० टक्के खनिज निघून जाईपर्यंत एक्स-रेमध्ये डोळ्यांना काहीच कळत नाही, असं दंतवैद्यकात मानलं जातं. आणि चित्रात कीड जितकी खोल दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात ती बहुधा थोडी पुढे गेलेली असते.

दिसते तेव्हा तिचा आकार ओळखीचा असतो. एनॅमलच्या कडेला एक छोटा काळपट त्रिकोण, पाया बाहेरच्या बाजूला आणि टोक आत. कीड एनॅमल ओलांडून आतल्या मऊ थरात, म्हणजे डेंटिनमध्ये शिरली की तिथे ती आडवी पसरते आणि दुसरा त्रिकोण तयार होतो.

पडद्यामागचे आकडे

डिजिटल चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक चौकोनाला, म्हणजे पिक्सेलला, एक आकडा. सेन्सर १२ बिटचा असेल तर ४,०९६ छटा नोंदवू शकतो, १६ बिटचा असेल तर ६५,५३६. साधा पडदा त्यातल्या २५६ दाखवतो. आणि माणसाचा डोळा एका वेळी त्यातल्या काही डझनच छटा वेगळ्या ओळखू शकतो. म्हणजे सेन्सरने पकडलेली कितीतरी माहिती फाइलमध्ये असते आणि तरी आपल्याला दिसत नाही. चित्र सुधारणं म्हणजे ही दडलेली माहिती डोळ्यांच्या टप्प्यात आणणं. सेन्सरवर जे उमटलंच नाही, ते कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

एक उदाहरण आकड्यांतच बघू. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. निरोगी एनॅमलचा आकडा आहे १८२ आणि शेजारच्या कोवळ्या किडीचा १७०. फरक फक्त १२ चा. पडद्यावर हा फरक सहज निसटतो. आता आपण कॉम्प्युटरला सांगितलं, की मला १४० ते २०० एवढाच पट्टा बघायचा आहे, तो पूर्ण ० ते २५५ वर ताणून दाखव. म्हणजे प्रत्येक फरक ४.२५ पट होणार. १८२ चा झाला साधारण १७९ आणि १७० चा झाला साधारण १२८. मघाचा १२ चा फरक आता ५१ झाला. हा डोळ्याला ठळक दिसतो. कॉन्ट्रास्ट वाढवणं म्हणतात ते हेच, आणि कोवळ्या किडीसाठी मला ही सर्वांत भरवशाची सुधारणा वाटते, कारण यात काय झालं ते सरळ हिशेबाने सांगता येतं.

पण याची किंमत आहे. प्रत्येक एक्स-रेमध्ये थोडी खरखर असते. किरण पावसाच्या थेंबांसारखे तुरळक पडतात, त्यामुळे सारख्याच एनॅमलमध्येही एका पिक्सेलला १८२ येतो तर शेजारच्याला १७९ किंवा १८५. हा ३ चा फरकही आता ४.२५ पट होऊन १३ च्या घरात जातो. सगळं एनॅमल ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागतं, आणि त्यातला एखादा काळा ठिपका कीड वाटू शकतो. किरणांचा डोस जितका कमी, तितकी ही खरखर जास्त.

शिवाय चित्र काढतानाच एखादा भाग जळून पार काळा झाला असेल, तिथले सगळे आकडे शून्यावर चिकटले असतील, तर ताणायला काही उरलेलंच नसतं. थोडं गडद किंवा थोडं फिकं आलेलं चित्र सावरता येतं आणि पुन्हा एक्स-रे काढणं वाचतं. हा डिजिटल पद्धतीचा मोठा फायदा आहे. पण दोन दाढा चित्रात एकमेकींवर चढलेल्या असतील, तर तो किरणांच्या कोनाचा दोष आहे. नेमकी हवी ती जागाच झाकली जाते आणि कितीही बटणं दाबली तरी ती उघडत नाही. तिथे पुन्हा, नीट कोनातून, चित्र काढणं हाच उपाय.

बाकीच्या युक्त्या

पूर्ण चित्राला एकच ताण दिला तर दाढेच्या एका भागात छान दिसतं आणि दुसरीकडे सगळं पांढरंफटक होतं. म्हणून चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून प्रत्येकाचा कॉन्ट्रास्ट वेगळा ठरवायची पद्धत निघाली. तिचं प्रचलित नाव क्लाहे. तिच्यात ताणाला कमाल मर्यादा घातलेली असते, म्हणजे सपाट भागातली खरखर अफाट वाढत नाही, आणि चौकोनांच्या सीमा दिसू नयेत म्हणून शेजारच्या चौकोनांचा मेळ घातला जातो. कमी फरकाच्या जागा उठून दिसायला ती चांगली आहे. मात्र तिच्यात एक खोच आहे. प्रत्येक चौकोनाचं गणित वेगळं असल्यामुळे, सुधारलेल्या चित्रात इथली राखाडी आणि तिथली राखाडी सारखी दिसली तरी मूळ खनिज सारखंच असेल असं म्हणता येत नाही.

खरखर कमी करायला मीडियन फिल्टर वापरतात. एक पिक्सेल आणि भोवतालचे आठ घ्यायचे, नऊ आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि मधला ठेवायचा. एखादाच भलता आकडा आपोआप बाजूला पडतो आणि कडा फारशा बोथट होत नाहीत. फिल्टर जास्त चालवला तर मात्र कोवळी कीडही खरखरीबरोबर पुसली जाते. चित्र उलटं करणं, म्हणजे काळ्याचं पांढरं, किंवा राखाडी छटांना रंग देणं, हे पर्यायही जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतात. रुग्णाला समजावायला रंगीत चित्र उपयोगी पडतं, निदानासाठी त्यावर विसंबू नये.

नसलेली कीड कशी तयार होते?

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती चित्र धारदार करण्याच्या बटणाची, कारण त्याचा परिणाम दिसायला फार छान असतो. त्यामागचं गणित असं: चित्राची एक पुसट प्रत करायची, मूळ चित्रातून ती वजा करायची, आणि उरलेला फरक मूळ चित्रात मिळवायचा. जुनं फिलिंग असलेली दाढ घेऊ. दाताचे तीन पिक्सेल १२०, १२०, १२० आणि त्यांना लागून फिलिंगचे २४०, २४०, २४०. प्रत्येक पिक्सेलची शेजाऱ्यांशी सरासरी काढून पुसट केलं की होतात १२०, १२०, १६०, २००, २४०, २४०. मूळातून हे वजा केलं तर सीमेवरच्या दोन पिक्सेलांत उणे ४० आणि अधिक ४० उरतात. ते मूळात मिळवले की रांग होते १२०, १२०, ८०, २५५, २४०, २४० (खरं तर २८०, पण २५५ च्या वर जागाच नाही).

तो ८० बघा. फिलिंगला चिकटून, दाताच्या बाजूला, एक काळी रेघ तयार झाली. दाताचं तिथलं खनिज कणभरही कमी झालेलं नाही. पण जुन्या फिलिंगखाली पुन्हा लागलेली कीड नेमकी अशीच, याच जागी दिसते. अशा रेघेवर विश्वास ठेवून चांगलं फिलिंग उकरलं, तर दाताचा धडका भाग विनाकारण जातो आणि तो परत येत नाही. म्हणून फिलिंगच्या किंवा कॅपच्या कडेला काळी रेघ दिसली की धार देणारा फिल्टर बंद करून मूळ चित्र बघायलाच हवं. अडचण अशी, की पुष्कळ सॉफ्टवेअर चित्र पडद्यावर आणतानाच थोडी धार देऊन आणतात, आणि ते मूळ चित्र आहे असं समजून बघितलं जातं.

आपला डोळाही असंच काहीसं करतो. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये दाखवून दिलं, की उजळ आणि गडद भाग शेजारी असले की सीमेलगत गडद भाग आहे त्यापेक्षा जास्त गडद भासतो. दाढेत पांढरं एनॅमल आणि त्याला लागून काळपट डेंटिन अशीच सीमा असते, त्यामुळे एनॅमलच्या बरोबर खाली एक काळी पट्टी असल्याचा भास होतो. डेंटिनमध्ये शिरलेली कीडही तिथेच दिसते. याची तपासणी मात्र सोपी आहे. पडद्यावर कागदाचा तुकडा धरून एनॅमलचा पांढरा भाग झाकायचा. पट्टी नाहीशी झाली तर तो भास होता. राहिली तर ती गंभीरपणे घ्यायची. कॉन्ट्रास्ट वाढवला की हा भास वाढतो, म्हणून सुधारलेल्या चित्रात ही परीक्षा जास्तच गरजेची.

तिसरा फसवा काळेपणा दाताच्या मानेशी असतो. एनॅमल संपतं आणि हाड अजून सुरू झालेलं नसतं, त्या मधल्या पट्ट्यात किरणांना अडवायला कमी माल असतो. साहजिकच तो भाग काळा दिसतो. दोन दाढांमधली नेहमीची कीड याच्या वर, स्पर्शबिंदूलगत असते. जागा नीट पाहिली तर गोंधळ टळतो. हिरड्या खाली सरकलेल्या वयस्क माणसांत मात्र मुळालाही कीड लागते, तिथे प्रत्यक्ष तपासूनच खात्री करावी लागते.

दिसली, मग पुढे काय?

कीड कुठवर गेली हे सांगायला साधी पायरी वापरतात. एनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात ई१, आतल्या अर्ध्यात ई२, डेंटिनच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात डी१, मग डी२ आणि डी३. चित्र सुधारण्याचा खरा उपयोग ई१, ई२ आणि डी१ यांच्या भोवती आहे. डी३ ला सुधारणा कशाला हवी, ती उघड्या डोळ्यांनी दिसते.

सुधारलेल्या चित्रात कीड किती जास्त सापडते, यावर प्रयोगशाळेत पुष्कळ काम झालं आहे. काढून टाकलेल्या दातांचे एक्स-रे घ्यायचे, डॉक्टरांना ओळखायला सांगायचं, मग दात चिरून सूक्ष्मदर्शकाखाली खरं काय होतं ते पडताळायचं. निष्कर्ष एका सुरात नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत मूळ चित्राइतकंच यश मिळालं, आणि धार जास्त दिलेल्या चित्रांत कधीकधी निरोगी दातांवर संशय वाढला. मला यात आश्चर्य वाटत नाही. एका कामासाठी बसवलेला फिल्टर दुसऱ्या कामात उपयोगी पडेलच असं नाही. बाइटविंगचा स्वभावही लक्षात ठेवायला हवा. त्यात कीड दिसली तर ती बहुधा असतेच, पण एनॅमलमधली कोवळी कीड त्यातून मोठ्या प्रमाणात निसटते. चित्र स्वच्छ आलं म्हणून दाढ निर्दोष ठरत नाही.

एक गोष्ट तर एक्स-रे कधीच सांगू शकत नाही: वरचा पापुद्रा फुटला आहे की नाही. आणि उपचार ठरतो तो त्यावरच. ई२ किंवा डी१ मध्ये शंका असेल तर दोन दाढांमध्ये रबराची छोटी रिंग दोन-तीन दिवस बसवून ठेवतात. दाढा किंचित दूर सरकतात आणि ती जागा थेट बघता येते. दातातून तीव्र प्रकाश टाकून बघायची पद्धतही आहे, त्यात किरणांचा प्रश्नच नाही.

पापुद्रा शाबूत असेल तर ड्रिलची गरज नाही. फ्लोराइडचं वार्निश, रोज फ्लोराइडची टूथपेस्ट, दोन दातांमधून फ्लॉस फिरवणं आणि दिवसातून कितीदा गोड तोंडात जातं त्यावर लगाम. काही ठिकाणी पातळ रेझिन त्या सच्छिद्र एनॅमलमध्ये मुरवून कीड अडवतात. एनॅमलमधली कीड मोठ्या माणसांत सहसा सावकाश, काही वर्षांच्या गतीने सरकते. म्हणजे थांबून बघायला वेळ असतो. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांत एनॅमल पातळ, तिथे इतकी सवड मिळत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आता आली आहेत. तज्ज्ञांनी खुणा केलेल्या हजारो एक्स-रेंवर ती शिकतात आणि नव्या चित्रात संशयित जागेभोवती चौकट काढतात. थकलेल्या डोळ्यांकडून निसटलेलं ती दाखवू शकतात, त्यामुळे दुसरं मत म्हणून त्यांचा उपयोग मला मान्य आहे. पण खुणा करणाऱ्या तज्ज्ञांच्या चुकाही ती शिकलेली असतात, आणि चौकट दिसली की माणसाचं मत तिच्याकडे झुकतं. आधी स्वतः बघून मत ठरवावं आणि मग चौकट उघडावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

थांबून बघायचं ठरलं तर पुढच्या वेळी चित्रांची तुलना लागते. दोन्ही बाइटविंग एकाच कोनातून, सारख्या सेटिंगवर काढलेल्या असल्या, तर कॉम्प्युटर एकातून दुसरी वजा करतो. जे बदललं नाही ते सपाट राखाडी होतं आणि फक्त बदललेली जागा उठून दिसते. डोळ्यांनी कळणार नाही इतकी कमी-जास्त झालेली खनिजं यात सापडतात. कोन थोडा जरी चुकला तरी दाढेच्या कडा खोट्या उमटतात, म्हणून प्रत्येक वेळी सेन्सर धरायचं साधन तेच आणि तसंच बसवायला लागतं.

पुन्हा एक्स-रे म्हटलं की किरणांची भीती वाटते. किरणांचा झोत आयताकृती कॉलिमेटरने, म्हणजे झोत अरुंद करणाऱ्या तोंडाने, आवळला तर चार बाइटविंगचा मिळून डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्टच्या घरात राहतो (सिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं एकक; १,००० मायक्रोसिव्हर्ट म्हणजे १ मिलिसिव्हर्ट). निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसिव्हर्ट. डोस छोटा आहे, पण तो कारणाशिवाय घेऊ नये. कीड लागण्याचा धोका जास्त असलेल्यांना लवकर आणि कमी असलेल्यांना दोन-तीन वर्षांनी, असं अंतर डॉक्टर धोका बघून ठरवतात.

डॉक्टरांनी कोवळी कीड दाखवली तर तुम्ही दोन गोष्टी निःसंकोच विचारा: हीच जागा सुधारणा काढून टाकलेल्या चित्रात दिसते का, आणि पापुद्रा फुटला आहे हे कशावरून. चित्र मागून घ्याल तेव्हा मूळ फाइल मागा. पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो किंवा मेसेजमधून दाबून छोटी झालेली प्रत तुलनेला चालत नाही, कारण १८२ आणि १७० मधला फरक त्यात सर्वांत आधी हरवतो. दवाखाना बदलला तर ही फाइल आणि तिची तारीख बरोबर न्या, म्हणजे नव्या डॉक्टरांना कीड सरकली की जागच्या जागी आहे ते ठरवता येईल.